जुनी अबार्थ पुंटो, सोलापूरच्या गल्लीत

सोलापुरात ‘फियाट घेतली’ म्हटलं की माणसं पद्मिनीच समजतात. आमच्या अप्पांनीही पहिला प्रश्न तोच केला, “मीटर काढून दिलाय का टॅक्सीवाल्यानं?” मी म्हटलं, अप्पा, इटालियन स्पोर्ट्स कार आहे. ते पेपर वाचत राहिले.

आता स्पोर्ट्स कार म्हणजे फेरारी, असं म्हणणाऱ्यांनी हा रिव्ह्यू इथेच सोडला तरी चालेल. २००२ साली फियाटनं सचिनला फेरारी ३६० मोडेना दिली तेव्हा मी सातवीत होतो आणि तिचं कात्रण माझ्या कंपासपेटीत होतं. पण अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचे माग चालवणाऱ्या माणसाचं बजेट सहा लाख असतं, आणि त्यात आरटीओ, विमा, पहिली सर्व्हिस सगळं आलं. या पैशात इटालियन म्हणवणारं जे काही मिळतं त्यावर फियाटचाच शिक्का असतो, आणि ते सगळं जुनं. प्रदूषणाचे बीएस-६ नियम यायच्या आधीच फियाटनं इथला नव्या गाड्यांचा गाशा गुंडाळला.

चार गाड्या पाहिल्या.

पहिली बार्शीची पॅलिओ १.६, २००३ची. नव्यात १०० हॉर्सपॉवरची होती ही, त्या काळात एवढ्याशा गाडीत एवढी ताकद म्हणजे थट्टा नव्हती. मालक डॉक्टर, गाडी जीव लावून ठेवलेली. स्टेअरिंग हातात घेतलं आणि मी विरघळलो. मग दाराची खालची कड नखानं खरवडली तर रंगाचा पापुद्रा आणि खाली गंजाचा भुसा. पंधरा वर्षांपुढची गाडी, पासिंग पुन्हा केलेलं, ते पुढेही करत राहायचं. घरी दुसरी गाडी असेल आणि रविवारची हौस म्हणून घ्यायची असेल तर पॅलिओसारखी मजा नाही. पहिली म्हणून नको.

दुसरी कलबुर्गीची लिनिया टी-जेट. इंजिन १.४ टर्बो पेट्रोल, मागे ऐसपैस जागा, किंमत ऐकून तर मी दोनदा विचारलं. पण नंबर केए-३२. सोलापूरकरांनी हे नीट लक्षात ठेवा, कारण आपल्याला कर्नाटकातल्या गाड्या स्वस्त दिसतात आणि जवळही पडतात. तिथल्या आरटीओची एनओसी आणायची, महाराष्ट्राचा रोड टॅक्स नव्यानं भरायचा, मग एमएच-१३ नंबर. स्वस्तपणातला बराचसा भाग तिथेच संपतो. शिवाय लिनिया ही लग्नाला जायची गाडी आहे. चांगली आहे, पण लग्नाचीच.

राहिली अबार्थ पुंटो, म्हणजे फियाटच्याच पुंटोचा जास्त ताकदीचा, अबार्थ नावाचा स्पोर्ट्स अवतार. ऑक्टोबर २०१५मध्ये आली, तेव्हा दिल्लीत शोरूमची किंमत ९.९५ लाख. तयार व्हायची आपल्या रांजणगावला. तेच १.४ टी-जेट, पण १४५ हॉर्सपॉवरचं, टॉर्क २१२ न्यूटन-मीटर. चारी चाकांना डिस्क ब्रेक, १६ इंची चाकं आणि नाकावर विंचू. अबार्थ ज्याच्या नावानं आहे त्या कार्लो अबार्थची रास वृश्चिक, म्हणून विंचू. हे मी आतापर्यंत पेट्रोल पंपावर निदान तीसेक जणांना सांगितलं असेल.

पुण्यात एका डीलरकडे लाल अबार्थ उभी होती. मीटर ३८ हजार. गाडी आरशासारखी चमकत होती. पण क्लच पेडलचं रबर गुळगुळीत आणि ड्रायव्हर सीटची दारापासची कड बसलेली. ३८ हजारात एवढं झिजत नाही. बॉनेटच्या बिजागरीचे बोल्ट पाहिले तर डोक्यावरचा रंग पान्यानं उडालेला, म्हणजे बॉनेट कधीतरी खोललेलं. विक्रेता म्हणाला, “सर, पॉलिश करताना झालं असेल.” पॉलिशला पाना कशाला लागतो हे मी विचारलं नाही. चहा पिऊन निघालो.

दुसरी अबार्थ पिंपरीत, घरगुती मालक, एमएच-१४, पांढरी, मीटर ६१ हजार. आम्ही पोचलो तर गाडी चालू करून ठेवलेली. हे अजिबात चालवून घेऊ नका, गरम इंजिनात आजार झाकले जातात. बॉनेटवर हात ठेवायचा आणि गरम लागली की ‘उद्या येतो’ म्हणायचं. मुक्काम केला, सकाळी सातला गार इंजिन चालू करायला लावलं.

सोबत मी गाडीचा मिस्त्री नेला नव्हता. नेले होते आमच्या कारखान्यातले जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे मामा. मामांना टर्बो म्हणजे काय ते माहीत नाही, पण तीस वर्षं मागांच्या खडखडाटात कुठलं बेअरिंग कोरडं झालंय ते ओळखण्यात गेली आहेत. त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या बाजूला, पट्ट्याच्या कव्हरजवळ टेकवलं आणि मूठ कानाला लावली. डोळे मिटले. मग जागा बदलली, पुन्हा ऐकलं.

“मालक, इथं कोरडं फिरतंय बघा काहीतरी. बाकी गुमान आहे.”

नंतर टायमिंग बेल्टचं काम काढलं तेव्हा ते कोरडं म्हणजे वॉटर पंपाचं बेअरिंग निघालं. या इंजिनाला टायमिंगसाठी चेन नाही, रबरी पट्टा आहे. तो किलोमीटरनंच नाही, वयानंही म्हातारा होतो, आणि चालू गाडीत तुटला तर वॉल्व्ह पिस्टनला भिडतात. पट्टा बदलल्याचं बिल मालकाकडे नसेल तर बदललेला नाही असंच धरायचं. मालक सरळ माणूस होता. बिल नाही म्हणाला आणि त्या एका कानामुळे २५ हजार उतरवले. ४ लाख ७० हजारांत सौदा झाला.

बाकी तपासण्या पटकन सांगतो. चौथ्या गिअरमध्ये हळू चालवत एकदम अॅक्सिलरेटर दाबा. आरपीएम वर पळाला आणि गाडी तिथेच राहिली तर क्लच संपलाय. मागे कुणाला तरी उभं करून निळा धूर येतो का बघा. एसी लावून वीस मिनिटं जागेवर उभी ठेवा, रेडिएटरचा पंखा लागतो की नाही आणि तापमानाचा काटा वर सरकतो का ते बघा. आपल्याकडे मे महिन्यात ४३-४४ अंश असतात, पुण्यातल्या मालकाला या आजाराचा पत्ताही नसतो. टायरवर कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. माझ्या टायरांची नक्षी झकास होती आणि आकडा होता ३२१७. दगड झाले होते. सुदैवानं १९५/५५ आर १६ हे माप बलेनोचंही आहे, त्यामुळे टायर सोलापुरातच मिळाले. राज्यातल्या राज्यात नंबर तोच राहतो. फॉर्म २९ आणि ३० भरले, आधीचं कर्ज फिटून आरसीवरचा बँकेचा बोजा उतरलाय का तेवढं पाहिलं.

आता चालवण्याचं. चौदा महिने, ११ हजार किलोमीटर.

दोन हजार आरपीएमच्या खाली ही गाडी झोपलेली असते. सात रस्त्याच्या गर्दीत एखादी जुनी व्हॅगन-आरही तुम्हाला मागे टाकेल. क्लच जड आहे, संध्याकाळी नवी पेठेतून बाहेर पडेपर्यंत डावी पोटरी बोलायला लागते. पण तुळजापूर रोडला लागून तिसऱ्या गिअरमध्ये काटा दोन हजारांच्या पुढे गेला की अंगात आल्यासारखी सुटते. पहिल्यांदा बायको शेजारी होती. तिनं शेंगाचटणीचा डबा दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाली, “अहो, देवीला जायचंय ना आपल्याला? देवाघरी नाही.” स्टेअरिंग हायड्रॉलिक आहे, त्याला खरंखुरं वजन आहे. तुळजापूरच्या अलीकडच्या घाटात वळणावर पुढची चाकं काय करतायत ते तळहाताला कळतं. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत स्टेअरिंग म्हणजे टीव्हीचा रिमोट आहे.

मायलेज गावात ९ ते १०, हायवेला हलक्या पायानं १४. हलका पाय राहत नाही. ही गाडी ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनलेली नाही, म्हणून इंधनाचे रबरी पाइप दर सर्व्हिसला हात लावून बघतो. मागे तिघं बसली तर मधल्यानं तोंड वाकडं करायचं आणि बाकीच्यांनी ते ऐकून घ्यायचं. एसी सोलापूरच्या दुपारी दोनला केविलवाणा वाटतो.

सर्व्हिसचं दुखणं वेगळंच आहे. गावातल्या कुठल्याही गॅरेजवर ‘फियाटचं इंजिन’ म्हटलं की सांगतात, येतं हो, स्विफ्टमध्ये तेच असतं. स्विफ्टमध्ये असायचं ते १.३ डिझेल. हे टर्बो पेट्रोल आहे, लोकहो. एका मोठ्या गॅरेजनं माझी गाडी नऊ दिवस ठेवून घेतली, पट्टा बदलताना इंजिन जागच्या जागी धरून ठेवणारं टायमिंगचं कुलूपच त्यांच्याकडे नव्हतं आणि ते त्यांनी नवव्या दिवशी सांगितलं. शेवटी पुण्याहून पट्टा, टेन्शनर, पंप मागवले आणि काम होटगी रोडवरच्या एका पोरानं केलं. त्यानं आधी दोन लिनिया उघडल्या होत्या. या सगळ्याला ३१ हजार गेले. म्हणून गाडी बघायला जाण्याआधी असा एक मिस्त्री शोधून त्याच्याशी बोलून ठेवा. मी उलटं केलं आणि नऊ दिवस रिक्षानं फिरलो.

आणि एक गोष्ट, जी मी चारही गाड्या बघताना एकदाही मोजली नाही. या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स १५५ मिलिमीटर आहे. आमच्या गल्लीच्या तोंडाला जो गतिरोधक आहे तो कुणी मापून केलेला नाही, रात्रीतून उरलेलं डांबर ओतून केलेला आहे. पहिल्या दिवशी पेढे घेऊन गल्लीत शिरलो आणि पोटाखालून ‘खर्रर्र’ असा आवाज आला. शेजारचे काका गॅलरीतून म्हणाले, “काय बे, फाटलं काय?” आता तिरकी घालतो, एका वेळी एक चाक. फाटकाजवळच्या गटारावरून मात्र तिरकीही जात नाही. तिथे जुन्या मागाच्या सागवानी फळ्या टाकाव्या लागतात. दोन आहेत, डावी जरा जाड आहे. रात्री उशीर झाला तर हॉर्न वाजवत नाही, कोपऱ्यावरून टर्बोची शिट्टी ऐकू येते आणि अप्पा बनियनवर फळ्या घेऊन बाहेर आलेले असतात. गाडीत अजून बसलेले नाहीत.