जुनी नाणी पोस्टाने पाठवणं: दिवाळीपासून इन्शुअर्ड स्पीड पोस्ट वापरतोय, त्याचा अनुभव

ब्रिटिश इंडियाचे चांदीचे रुपये आणि शिवराई (मराठेशाहीतली तांब्याची नाणी) जमवतो, डबल झालेले पीस ग्रुपवर देऊन टाकतो. त्यामुळे नाणी पाठवायचं काम सतत असतं. आधी रजिस्टर करायचो, पण २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात मर्ज केलं, मग दिवाळीपासून महागडा माल विमा काढून स्पीड पोस्टनेच पाठवतोय. किरकोळ माल साध्या स्पीड पोस्टने.

आता विमा कशाला, तर साधं स्पीड पोस्ट हरवलं तर भरपाई किती मिळते माहितीये का, तुम्ही भरलेल्या चार्जच्या दुप्पट किंवा १००० रुपये, यातलं जे कमी असेल ते. म्हणजे १९३९चा जॉर्ज सहावा रुपया (ओरिजिनल, बाजारात फिरतात ते डुप्लिकेट नाही) गायब झाला तर तुमच्या हातात शे-दीडशे रुपये, जा घरी. आणि खाजगी कुरिअरवाले तर बहुतेक जण नाणी-नोटा घेतच नाहीत, पावतीच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. एका कुरिअरच्या काउंटरवरच्या पोराने मला सरळ सांगितलं, काका "गिफ्ट आयटम" लिहा, काही होत नाही. होत नाही खरं, पण झालं की मग खोटं डिक्लेरेशन आपलं, क्लेमच्या नावाने बोंब.

इन्शुअर्डची भानगड म्हणजे लाख. आमच्याकडे लाखेचं सील असल्याशिवाय घेत नाहीत. लाख जुन्या स्टेशनरीच्या दुकानात मिळते, मेणबत्तीवर वितळवायची, सगळ्या जोडांवर ठिपके द्यायचे आणि प्रत्येक ठिपक्यावर एकच छाप मारायचा. गंमत अशी की पोस्टाच्या जुन्या नियमात स्पष्ट आहे, छाप चालू नाण्याचा नको आणि नुसत्या आडव्या-उभ्या रेघांचा पण नको. नाणी जमवणाऱ्याला पहिली तीच आयडिया सुचते, घ्या एखादं नाणं आणि दाबा! मी पितळी शिक्का करून घेतला, माझ्या नावाची आद्याक्षरं आणि एक चंद्रकोर, आता बायको म्हणते पत्रिका पण यानेच सील करा.

घरात कितीही कंटाळा आला तरी ही लाख मला आवडायला लागलीय, कारण खरी किंमत विम्याच्या पैशात नाहीच. इन्शुअर्ड पाकीट इतर टपालात मिसळत नाही, एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाताना सही होते, वजन आणि सील बघून घेतात. पाकीट कुठे थांबलं तर ते कुणाच्या ताब्यात होतं हे कळतं. साध्या टपालाचं तसं नाही. तोटा एकच, किंमत पाकिटावर बाहेर आकड्यात आणि अक्षरात लिहावी लागते, म्हणजे गावभर जाहिरात. मला सुरुवातीला हे डोक्यात जायचं, पण सहीच्या साखळीपुढे ते चालून जातं. आणि किंमत खरीच लिहा. वाढवून लिहिली म्हणून जास्त मिळत नाही. लिलावातून घेतलेलं असेल तर बिलाची झेरॉक्स जपून ठेवा, नाहीतर चांदीच्या वजनापलीकडे या रुपयाला मोल काय हे सिद्ध करताना दमाल. विम्याचा चार्ज डिक्लेअर केलेल्या किमतीप्रमाणे वाढत जातो, स्वस्त नाही, मर्यादा १ लाखाची. माझा हिशोब असा की पाच हजारांच्या खाली विमा काढत नाही.

त्याखालच्या मालाला साधं स्पीड पोस्ट, ५० ग्रॅमपर्यंत लोकल १९ आणि बाहेरगावी ४७ रुपये अधिक जीएसटी, वर ५ रुपयात ओटीपी डिलिव्हरी घ्या. हे ५ रुपये वाचवणाऱ्या लोकांचं मला कोडंच आहे. घेणाऱ्याला फक्त आधी सांगून ठेवा की मोबाईल चालू ठेव दादा, आणि पाकिटावर नंबर त्याचाच टाका, त्याच्या दुकानाचा नको.

पॅकिंगबद्दल थोडं जास्त लिहितो कारण सर्व्हिस कुठलीही घ्या, माल खराब होतो तो इथेच. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात नाणं पाठवू नका. ते प्लास्टिक कालांतराने आम्ल सोडतं आणि तांब्यावर हिरवा चिकट थर चढतो, दुदांडी (शिवराईचा एक प्रकार) नाण्याची वाट लागलेली मी बघितलीय. पेट (PET) प्लास्टिकचं फ्लिप, म्हणजे नाण्याचं छोटं पाकीट, घ्या किंवा एअरटाईट कॅप्सूल. रुपया साधारण साडेतीस मिलिमीटर, ११.६६ ग्रॅम, कॅप्सूल त्याच मापाची हवी, मोठी घेतली तर आत नाणं खडखडतं आणि कड घासते. मग पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांत सँडविच, चारी बाजूंनी टेप, टेप नाण्याच्या फ्लिपला नाही, पुठ्ठ्याला. झिप पिशवी, पावसाळ्यात सिलिका जेलची पुडी, आणि त्यानंतर छोटा कडक बॉक्स. कानाजवळ धरून हलवा, आवाज आला तर परत उघडा. नुसत्या लिफाफ्यात तर अजिबात नको, नाण्याची कड कागद कापते आणि काउंटरवर तारखेचा शिक्का ठाणकन पडतो तो नेमका फुगवट्यावर.

बाहेरून "नाणी", "अँटिक" असलं काही लिहू नका, दुकानाच्या नावात कॉइन्स असेल तर घरचं नाव टाका. घेणाऱ्याला सीलचा फोटो पाठवा आणि उघडताना व्हिडिओ काढायला सांगा, सील शाबूत असतानाच रेकॉर्डिंग सुरू करायचं, मध्ये कट नको.

परदेशाचं विचारतात म्हणून, एकदाच सांगतो. न्यू जर्सीतला आमचा एक मित्र शिवराईच्या मागे लागलाय, मी नाही म्हणतो. १९७२च्या पुरातन वस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं अँटिक्विटी ठरतं आणि खाजगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे रुपये पण आता त्यात आलेत, १९११चा, ज्याच्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो, तो रुपयासुद्धा. त्याला म्हटलं सुट्टीत ये, घरी बसून बघ.

रेटिंग पाहिजे असेल तर इन्शुअर्डला पाचपैकी चार. एक मार्क लाखेच्या वासाचा कापला, किचनमध्ये वितळवली की दोन दिवस जात नाही, बाल्कनीत करा.