सेफ्टी ट्रेनिंग घेतलं, ह्यावेळी खरंच उपयोग झाला

आमच्या वर्कशॉपमध्ये सेफ्टी ट्रेनिंग म्हणजे आत्तापर्यंत काय तर हॉलमध्ये बसायचं, दोन तास स्लाईड बघायच्या, सही करायची, सर्टिफिकेट घेऊन परत मशीनवर. ह्यावेळी दुसऱ्या लोकांना पूर्ण दिवसासाठी बोलावलं आणि मी बारा वर्षं सुपरवायझर आहे तरी पहिल्यांदा वाटलं की कोणीतरी आमचं काम बघून बोलतंय, म्हणून मुद्दाम लिहितोय.

शिकवायला ज्या मॅडम होत्या त्यांनी हॉलमध्ये बसवलंच नाही. आल्या आल्या खडू घेतला, आख्खा शॉप फ्लोअर आमच्याबरोबर फिरल्या आणि जिथे धोका दिसेल तिथे गोल करत गेल्या. दाराशी पाण्याच्या कूलरची गळती, रोज सगळे त्यावरून उडी मारून जातात. वाटेत आडवी टाकलेली एक्स्टेंशनची वायर. आगीचा सिलिंडर खोक्यांच्या मागे, बाहेर ओढला तर काटा हिरव्यात नाही, लाल पट्ट्यात, म्हणजे प्रेशरच नाही. हे सगळं मी रोज बघत होतो हो, आणि तरी दिसत नव्हतं.

मग एकेका गोलापाशी उभं करून विचारलं, ह्याचं काय कराल? आम्ही म्हटलं पाण्यापाशी पिवळा बोर्ड लावू. त्या म्हणाल्या बोर्ड नंतर, आधी गळती बंद होते का बघा. धोका मुळातून काढता येतो का, नसेल तर कमी धोक्याचं काही वापरता येईल का, तेही नसेल तर गार्ड किंवा एक्झॉस्ट बसवता येईल का, मग कामाची पद्धत आणि पाळ्या, आणि सगळ्यात शेवटी हेल्मेट, गॉगल, हातमोजे. आम्ही कायम उलटीकडून सुरू करायचो, काही झालं की हातमोजे वाटायचे. आणि हातमोज्यांचंच सांगतो, ड्रिल मशीनवर हातमोजे घालाच असं मीच पोरांना बजावायचो, तर मॅडमनी मशीन बंद करून घेतली, एक जुना मोजा ड्रिलच्या बिटाला लावला आणि हाताने हळूहळू चक फिरवला, मोजा असा गुंडाळत गेला की सगळे गप्प झाले. फिरत्या भागापाशी हातमोजे नकोत, सैल बाही नको, गळ्यात काही लोंबतं नको.

माझ्यासाठी सगळ्यात मोलाचा भाग लॉकचा होता. मागे आमच्याकडे एकजण अडकलेला बेल्ट सोडवत होता, दुसऱ्याने स्विच चालू केला आणि त्याची दोन बोटं गेली. तो माझ्याच पाळीत होता. आता रिपेअरला हात घालायच्या आधी मेन स्विच बंद, त्याला स्वतःचं कुलूप, नावाची चिठ्ठी, चावी स्वतःच्या खिशात, आणि मग मुद्दाम स्टार्ट दाबून बघायचं की मशीन खरंच मेली आहे ना. दोघं काम करत असतील तर दोन कुलपं. आमच्या सगळ्यांकडून हे तीन तीनदा करून घेतलं.

आवाजाचंही नीट सांगितलं. ८५ डेसिबल आठ तास ही मर्यादा धरतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ अर्धा, म्हणजे ८८ ला चारच तास. मीटर लावून दाखवला, आमच्या ग्राइंडरपाशी ९४ आला, म्हणजे जेमतेम एक तास! फोमचे इअरप्लग आम्ही नुसते कानात कोंबायचो, ते आधी बारीक वळायचे, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, आत घालून फुगेपर्यंत बोटाने धरायचे.

कमी काय वाटलं ते पण सांगतो. केमिकलच्या डब्यांवरच्या लेबलांना पंधरा मिनिटंच मिळाली, खरं तर आमच्या हेल्परना तेच जास्त लागतं. ऑफिसच्या लोकांना शेवटच्या अर्ध्या तासात उरकलं, खुर्ची, स्क्रीनची उंची, झालं. आणि जे पुस्तक दिलं ते नुसतं इंग्रजीत, मशीनवरच्या निम्म्या लोकांना ते वाचता येत नाही, हे मला पटलं नाही, मी तोंडावर सांगितलं आणि मॅडमनी लिहूनही घेतलं.

पाचपैकी चार देतो. बोलावणार असाल तर रात्रपाळीच्या लोकांसाठी वेगळा दिवस आधीच मागून घ्या, आमचे राहिले, त्यांना आता मीच कुलपं घेऊन शिकवतोय.