जंगलाकाठी जागा घेताना: तयार केबिन की मोकळी जमीन?

जंगलाला लागून थोडी जागा घ्यायची आणि सुटीचे चार दिवस तिथे काढायचे, इथवर मनाशी पक्कं झालं की पुढचा प्रश्न येतोच. बांधलेली लाकडी केबिन घ्यावी, की मोकळी जमीन घेऊन सवडीने काहीतरी उभं करावं? मी दोन्ही करून बसलो आहे. एका मित्राबरोबर तीन वर्षं तयार केबिनमध्ये निम्मा वाटा होता. तो सोडून मग मोकळी जमीन घेतली. त्यामुळे तटस्थपणाचा आव आणत नाही, पण केबिनवर अन्याय होऊ नये एवढं बघतो.

कागदपत्रं, हद्दीची मोजणी, रस्त्याचा लेखी हक्क हे दोन्हीकडे तपासावं लागतं, त्यात शिरत नाही. फक्त तयार घर समोर दिसलं की माणूस तपासणीत ढिला पडतो. घर उभं आहे म्हणजे सगळं रीतसरच असणार, असं वाटून जातं. आम्ही मोजणी केली ती घेतल्यानंतर दुसऱ्या वर्षी. ती का करावी लागली ते पुढे येईलच.

आधी केबिनची बाजू. पहिल्या रात्रीपासून डोक्यावर छप्पर असतं, हे सुख लहान नाही. संडास असतो. रात्री दोन वाजता पावसात आडोसा शोधत फिरायची हौस एकदाच फिटते. पाणी, वीज, शोषखड्डा यांसाठीची धावपळ आधीच कुणीतरी करून ठेवलेली असते. मोकळ्या जमिनीवर तीच आपल्या वाट्याला येते. माती पाणी शोषते की नाही हे खड्डा खणून, त्यात पाणी भरून, घड्याळ लावून बघायचं. मग विहीर आणि शोषखड्डा यांत अंतर राखायचं. ते साधारण 15 ते 30 मीटर तरी लागतं, आणि तुकडा लहान असेल तर एवढ्यानेच अर्धी जागा अडते. बँकाही नुसत्या जमिनीवर कर्ज द्यायला सहसा कां-कू करतात. खर्चाचा अंदाज तर हमखास चुकतो, कारण शेवटच्या कच्च्या रस्त्यावर मालाची गाडी यायला तयार नसते आणि फळ्या खांद्यावरून न्याव्या लागतात. माझी एका खोलीची योजना एका हंगामाची होती. तिला तीन लागले.

म्हणजे इथपर्यंत पारडं सरळ केबिनकडे झुकतं. मलाही तसंच वाटत होतं. निकाल फिरवला तो ओलीने.

आमची केबिन बांधणाऱ्याने ती झाडांच्या अगदी कुशीत बसवली होती. फोटोत तेच देखणं दिसतं. डोक्यावर फांद्या, उंबऱ्याशी पाचोळा. बघायला गेलो तेव्हा कोरडे दिवस होते. भर दुपारी आत गारवा होता आणि आम्ही दोघं त्या गारव्यावरच भाळलो. तो गारवा म्हणजे काय हे पाऊस सुरू झाल्यावर कळलं. दार उघडलं की आधी वास यायचा, जुनी पोती आणि भिजलेलं कुत्रं यांच्या मधला कुठलातरी. मग गाद्या बाहेर काढायच्या, उन्हाचा एखादा तुकडा शोधायचा आणि तो सरकेल तशा गाद्या सरकवत बसायचं. मिठाचा दगड झालेला, पुस्तकांच्या पानांनी लाटा धरलेल्या. आर्द्रता मोजायचं यंत्र मी कधी आणलं नाही, काडेपेटी पुरे होती. आठवडाभर आत राहिलेल्या पेटीतली काडी पहिल्या फटक्यात पेटली, असं पावसाच्या दिवसांत एकदाही झालं नाही. शनिवारी दुपारी पोचायचो. रविवारी दुपारी घर जरा माणसात यायचं, आणि तोवर आमची निघायची वेळ झालेली असायची.

उपाय केले नाहीत असं नाही. पन्हळी साफ केल्या, छपरावरचं शेवाळ खरवडलं, जमिनीखाली वारा खेळावा म्हणून जोत्याला झरोके पाडले. लाकडातलं पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या 20 टक्क्यांखाली राहिलं तर बुरशी ते कुजवू शकत नाही. पण ते खाली राहायला ऊन-वारा लागतो, आणि आमच्याकडे दोन्ही झाडांनी अडवलेलं. शेवटी चार मोठी झाडं काढायचं ठरवलं, आणि नको ती भानगड व्हायला नको म्हणून आधी मोजणी करून घेतली. चारही झाडं हद्दीपलीकडची निघाली, जंगलाची. कुंपण कुणीतरी हौसेने पुढे सरकवून ठेवलेलं होतं. घर आमचं आणि सावली दुसऱ्याची. तोडणं शक्य नव्हतं, आणि घर काही उचलून वीस पावलं अलीकडे ठेवता येत नाही.

(उंदरांचं मुद्दाम लिहीत नाही. पेन्सिल जाईल एवढी फट त्यांना पुरते, आणि ते दोन्हीकडे येतात.)

मोकळ्या जमिनीचा खरा फायदा मला वाटतो तो हाच, की घर कुठे बसवायचं हे जागेला विचारून ठरवता येतं. पहिलं वर्ष मी फक्त तंबू टाकला. सकाळचं ऊन कुठे आधी येतं, दिवस लहान असताना झाडांच्या सावल्या कुठवर लांबतात, तिथे काठ्या रोवून ठेवल्या. पहिल्याच भेटीत जी जागा मनात भरली होती, तिच्यावरून मोठ्या पावसात घोट्याएवढं पाणी वाहिलं. केबिन तिथेच बांधली असती, यात शंका नाही. शेवटी खोली उभी राहिली ती मधल्या एका ओबडधोबड उंचवट्यावर, झाडांपासून चाळीसेक पावलं दूर. खिडकीतून जंगल थोडं लांब दिसतं. बायकोची ती तक्रार अजून आहे आणि ती रास्त आहे.

या अंतराचा आणखी एक उपयोग नंतर लक्षात आला. वणव्यात घरं पेटतात ती बऱ्याचदा उडत आलेल्या ठिणग्यांनी, पन्हळीतल्या नाहीतर भिंतीलगतच्या वाळक्या पाल्यात. म्हणून भिंतीपासून दीड मीटर जळण्यासारखं काही ठेवू नये आणि 30 मीटरपर्यंत झाडोरा विरळ राखावा, असं सांगतात. झाडांना चिकटलेल्या केबिनला हे जमणार कसं? छपरावर पाला पडत नसल्याने पावसाचं पाणीही बऱ्यापैकी स्वच्छ मिळतं. 40 चौरस मीटर छपरावर 25 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1000 लिटर. थोडं वाया गेलं तरी माझी टाकी भरते.

अर्थात तुमचं गणित वेगळं असू शकतं. हवा कोरडी असेल, केबिन मोकळ्या उंचवट्यावर असेल, तर माझं हे पुराण तुम्हाला लागू नाही. मुलं लहान असतील, आईवडील बरोबर येणार असतील, तर तीन हंगाम तंबूत काढा असं मी कुणाला सांगणार नाही. ज्यांना हातोडी धरायचा कंटाळा आहे त्यांनीही तयारच बघावी. अर्धवट बांधकाम झाकून परत येण्यासारखं उदास काम नाही, ते मी दोन वर्षं केलं आहे.

पण तयार केबिन बघायला जाल तेव्हा पाऊस होऊन दोन दिवस झाल्यावर जा. गादी उचलून खालच्या बाजूला तळहात लावून बघा. जवळच्या झाडांचे बुंधे कुणाच्या हद्दीत आहेत ते व्यवहाराआधी मोजून घ्या. आणि विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा, खिडक्या मी आल्यावरच उघडा.