रोपं उत्तम, फक्त लेबलवर आयुष्य लिहा

नऊ वर्षांपूर्वी या नर्सरीतून चौदा रोपं आणली होती. आज त्यातली सहा उरली आहेत. तरी मी तिथेच पुन्हा जाते. रोपं निरोगी असतात, मुळं कुंडीत गोल वळून आवळलेली नसतात. ‘मोठं झाड नेऊ नका, लहान रोप लवकर मूळ धरतं,’ हे तिथल्या माणसाने मला आपणहून सांगितलं होतं. मोठं झाड महाग असूनही!

तक्रार एकच. लेबलवर उंची, पसारा, फुलांचा रंग, ऊन किती हवं, सगळं असतं. झाड जगणार किती, ते नसतं.

आमचं हवामान भूमध्यसागरी: पाऊस हिवाळ्यात, उन्हाळा कोरडा ठणठणीत. इथली कितीतरी झुडपं भराभर वाढतात, भरभरून फुलतात आणि लवकर संपतात. दोन्ही लॅव्हटेरा चौथ्या वर्षी गेले. तीन लॅव्हेंडर सातव्या वर्षापर्यंत मधे पोकळ, खाली नुसती लाकडं झाले. नवे फुटवे येतील म्हणून मी ते बुडापासून छाटले, पण लॅव्हेंडरच्या जुन्या लाकडाला सहसा फूट येत नाही. दरवर्षी फुलं सरली की हिरव्या भागातच छाटणी करायला हवी होती. सिस्टसची दोन झुडपंही आठव्या वर्षी वाळली.

सगळ्यात जिवाला लागला तो सिअॅनोथस. वसंतात अख्खं झाड निळं व्हायचं, मधमाश्यांचा आवाज खिडकीतून ऐकू यायचा. पाचव्या वर्षी भर उन्हाळ्यात पानं मलूल दिसली म्हणून मी ठिबकचं पाणी वाढवलं. तापलेल्या ओल्या मातीत मुळं कुजतात, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. महिनाभरात झाड तपकिरी पडलं. नीट सांभाळला तरी बागेतला सिअॅनोथस साधारण दहा-पंधरा वर्षांचा सोबती. मी मात्र तो कुंपणाला कायमचा आडोसा म्हणून लावला होता. आयुष्य माहीत असतं तर आडोशाला शतकं जगणारा ऑलिव्ह लावला असता आणि सिअॅनोथस त्याच्यापुढे, ऑलिव्ह मोठा होईपर्यंत.

उरलेल्या सहांत तो एक ऑलिव्ह आहे, भलत्याच कोपऱ्यात. दोन रोजमेरी आणि दोन आगापँथस मजेत आहेत. घायपातही आहे, ती एकदाच फुलेल आणि मरेल, पण बुडाशी पिल्लं आत्ताच धरली आहेत.

पाचपैकी चार तारे. जायचं तर शरद ऋतूत, पहिल्या पावसाच्या सुमारास जा, म्हणजे मुळांना अख्खा हिवाळा मिळतो. आणि प्रत्येक रोपाचं आयुष्य विचारा. यंदा मी विचारलं, तर त्या माणसाने पेन्सिल काढून माझ्या सातही लेबलांमागे वर्षं लिहून दिली.