हॅलिफॅक्सचं 'पिअर २१': निवांत वेळ काढून पाहा

कॅनडाचा इतिहास म्हणजे पंतप्रधानांची नावं आणि रेल्वे कधी पूर्ण झाली ते साल, एवढंच ज्यांना माहीत आहे, त्यांनी नोव्हा स्कोशियात आल्यावर हॅलिफॅक्स बंदराच्या धक्क्यावरचं हे स्थलांतरितांचं संग्रहालय चुकवू नये. १९२८ ते १९७१ या काळात जवळजवळ दहा लाख माणसं या एका शेडमधून देशात आली. १९९९ मध्ये इथे संग्रहालय उघडलं आणि पुढे त्याला राष्ट्रीय दर्जा मिळाला.

मला इथली मांडणी मनापासून आवडली, कारण ती बोटीतून उतरलेल्या माणसांच्या सामानापासून सुरू होते. घरून आणलेली सॉसेजेस अधिकारी काढून घ्यायचे, म्हणून लोक ती लपवून आणायचे. लोणच्याची बरणी कपड्यांत गुंडाळून आणणाऱ्या आपल्या माणसांना हे वेगळं समजावून सांगायला नको! दुसऱ्या महायुद्धानंतर कॅनडियन सैनिकांच्या युरोपातल्या सुमारे ४८,००० बायका आणि २२,००० मुलं आली, त्यांतली बहुतेक इथेच उतरली. पुढचा प्रवास ज्या रेल्वेच्या डब्यातून व्हायचा, तसा डबाही आत उभा केलाय. त्यात बसून बघाच.

आपल्या चुका देशाने लपवल्या नाहीत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. वास्तुरचनाकार डॅनियल लिबेस्किंड यांचं 'व्हील ऑफ कॉन्शन्स' हे शिल्प १९३९ च्या 'सेंट लुईस' जहाजाची आठवण ठेवतं. त्यावर ९३७ प्रवासी होते, बहुतेक ज्यू निर्वासित. क्युबा आणि अमेरिकेप्रमाणे कॅनडानेही त्यांना दार उघडलं नाही. त्यांतले २५४ जण पुढे होलोकॉस्टमध्ये मारले गेले. शिल्पात एकमेकांत अडकलेली दातेरी चाकं आहेत. द्वेषाचं सगळ्यात छोटं चाक बाकीच्यांना फिरवतं. मला तिथून लवकर हलवेना. व्हँकूवरला १९१४ मध्ये आलेली ३७६ भारतीय प्रवाशांची 'कोमागाता मारू' बोट आठवत होती; तिच्यातल्या बहुतेकांनाही असंच परत पाठवलं होतं. तिच्याबद्दल संसदेत माफी मागायला २०१६ उजाडलं, 'सेंट लुईस'साठी २०१८.

कौटुंबिक इतिहास केंद्राला पूर्ण गुण. आमच्या शेजारचे डच आजोबा लहानपणी 'ग्रोटे बेअर' जहाजातून आले होते. तिथल्या बाईंनी त्यांना त्या जहाजाचा फोटो काढून दिला, घाई न करता त्यांचं सगळं ऐकूनही घेतलं. तुमच्या घरी बोटीने आलेलं कोणी असेल तर जहाजाचं नाव आणि अंदाजे साल लिहून न्या.

१९६७ च्या गुणपद्धतीनंतर (शिक्षण, कामाचं कौशल्य अशा गोष्टींना गुण देऊन स्थलांतरित निवडण्याची पद्धत) आलेले आपले बरेचसे डॉक्टर-इंजिनियर मात्र विमानाने उतरले, त्यामुळे त्यांची नावं या धक्क्याच्या कहाणीत सापडणार नाहीत. पण संग्रहालय सगळ्याच काळातल्या स्थलांतरितांच्या आठवणी गोळा करतं. टोरंटो-मिसिसॉगाच्या मराठी मंडळांनी आपल्या सत्तरी-ऐंशीतल्या काका-काकूंच्या आठवणी लिहून किंवा रेकॉर्ड करून तिकडे पाठवाव्यात, आणि हे काम याच वर्षी हाती घ्यावं.