कर्नलच्या पोटातली कॉन्फिग: काही महिन्यांच्या वापरानंतर

लिनक्स कर्नल (सिस्टीमचा गाभा) स्वतः कंपाइल करणाऱ्यांना मेन्यूत आयकेकॉन्फिगचा, म्हणजे बिल्डची कॉन्फिग कर्नलमध्येच साठवण्याचा, पर्याय दिसतो, आणि बरेच जण तो तसाच सोडून पुढे जातात. मी गेले काही महिने प्रत्येक बिल्डमध्ये तो चालू ठेवतोय. आता त्याच्याशिवाय कर्नल बांधायची माझी तयारी नाही.

जनरल सेटअपमध्ये त्याच्या दोन ओळी आहेत. पहिलीमुळे .कॉन्फिग फाइल (बिल्डसाठी निवडलेल्या पर्यायांची यादी) कॉम्प्रेस होऊन कर्नलच्या इमेजमध्येच बसते. दुसरीमुळे ती चालू मशीनवर /प्रॉक/कॉन्फिग.जीझेड म्हणून वाचता येते. दोन्ही हव्यात. इमेज १०० केबीसुद्धा वाढत नाही.

याचं मोल कळलं ते आमच्या बिल्ड मशीनवर. जागा मोकळी करताना एका सहकाऱ्याकडून मेक क्लीनऐवजी मेक एमआरप्रॉपर चाललं; दोन्ही बिल्डच्या फाइली साफ करणाऱ्या कमांड. क्लीन .कॉन्फिगला हात लावत नाही. एमआरप्रॉपर ती पुसतं आणि .कॉन्फिग.ओल्ड ही तिची जुनी प्रतही ठेवत नाही. पण त्याच कॉन्फिगचा कर्नल मशीनवर चालू होता. झेडकॅटने (कॉम्प्रेस केलेली फाइल वाचणारी कमांड) फाइल बाहेर काढली, राहिलेले पर्याय डिफॉल्टने भरणारं मेक ओल्डडेफकॉन्फिग चालवलं, काम पुढे सुरू.

नवा कर्नल बूटच होत नाही तेव्हा तर हा पर्याय आणखी कामाला येतो. पडद्यावर ‘अननोन-ब्लॉक(०,०)’ असं पॅनिक (कर्नल थांबल्याचा संदेश) आलं, तर कर्नलला रूटची डिस्कच सापडलेली नसते. बहुतेक वेळा एनव्हीएमई किंवा साटाचा डिस्कचा ड्रायव्हर मॉड्यूल (कर्नलबाहेरची, नंतर लोड होणारी फाइल) झालेला असतो आणि तो बूटवेळी पुरवणारं इनिटरॅमएफएस नसतं. ग्रब या बूट मेन्यूतून जुना कर्नल निवडून आत शिरायचं; चांगली कॉन्फिग तिथल्या प्रॉकमध्ये मिळते. बिघडलेल्या कर्नलची कॉन्फिगही मिळते, तो बूट न करता: सोर्समधली एक्स्ट्रॅक्ट-आयकेकॉन्फिग स्क्रिप्ट त्याच्या व्हीएमलिनझ या इमेज फाइलीवर चालवायची. मग सोर्समधल्याच डिफकॉन्फिग स्क्रिप्टला दोन्ही फाइली दिल्या की फक्त बदललेले पर्याय समोर येतात. हजारो ओळींतून नेमकी चूक अशी हाती लागते, हे मला फार आवडतं.

कॉन्फिग गेली की लोकलमॉडकॉन्फिग चालवा, असं पुष्कळ जण सुचवतात. माझं मत वेगळं आहे. ते एलएसमॉडची (लोड असलेल्या मॉड्यूलची) यादी पाहून त्या क्षणी लोड नसलेली मॉड्यूल काढून टाकतं. यूएसबीचं एखादं उपकरण तेव्हा जोडलेलं नसेल तर त्याचा ड्रायव्हर गेला. त्यातून नवी कॉन्फिग बनते, हरवलेली परत येत नाही.

उणीवही सांगतो. कंपायलरची आवृत्ती या फाइलीत नोंदलेली असते, पण सोर्सवर लावलेले पॅच (कोडमधले बदल) नसतात. ते गिटमध्येच सांभाळायला हवेत. शिवाय जुनी फाइल नव्या सोर्सवर नेताना ओल्डडेफकॉन्फिग नवे पर्याय न विचारता डिफॉल्टवर टाकतं. म्हणून मी आधी नव्या पर्यायांची यादी देणारं मेक लिस्टन्यूकॉन्फिग पाहतो.

डेबियन-फेडोरावर वितरणाच्या कर्नलची कॉन्फिग /बूटमध्ये असतेच. मात्र उबुंटूची ती फाइल घेऊन बिल्ड केलं तर सर्टिफिकेटची पेम फाइल सापडत नाही म्हणून काम थांबतं. सिस्टम_ट्रस्टेड_कीज आणि सिस्टम_रिव्होकेशन_कीज या दोन पर्यायांची मूल्यं कॉन्फिगमध्ये रिकामी करा, बिल्ड पुढे जातं.