नाशिकच्या छोट्या ऑफिसात ओपन सोर्स चिप-डिझाइन टूल्स: नऊ महिन्यांनंतर

सातपूरला आमचं पाच जणांचं ऑफिस. दुसऱ्यांच्या चिपमधले डिजिटल ब्लॉक लिहून, तपासून द्यायचे, हा धंदा. माणसं पाच आणि सिम्युलेटरची (चिप बनण्याआधी डिझाइन कॉम्प्युटरवर चालवून पाहायचं टूल) लायसन्स दोन, त्यामुळे दुपारनंतर "तुझं रन संपलं का रे?" एवढंच ऐकू यायचं. तिसऱ्या लायसन्सचं कोटेशन पाहिलं आणि म्हटलं, आधी व्हेरिलेटर हा ओपन सोर्स सिम्युलेटर लावून बघू.

वेगाबद्दल तक्रार नाही. व्हेरिलेटर आपल्या व्हेरिलॉगचं (चिपचं डिझाइन लिहायची भाषा) सी++ करून कंपाइल करतो. पहिल्या बिल्डला वेळ खातो, पण मग सुसाट. त्याचं लिंट, म्हणजे न चालवताच कोडमधल्या चुका दाखवणं, तर पहिल्याच आठवड्यात वसूल झालं. 8 बिटांच्या सिग्नलला 9 बिटांची बेरीज जोडलेली, दोन वर्षं कुणाच्या नजरेला आली नव्हती. जुने यूव्हीएम पद्धतीचे टेस्टबेंच (ब्लॉक तपासणारा कोड) मात्र त्यावर जसेच्या तसे चालले नाहीत. नव्या ब्लॉकच्या टेस्ट कोकोटीबीत, म्हणजे पायथनमध्ये लिहिल्या. आमच्यातली सगळ्यांत नवीन मुलगी त्यात आमच्या पुढे निघाली. "सर, याला एवढा क्लास कशाला, साधं फंक्शन पुरे," असं मला सुनावण्याइतकी.

आता फटका. एका कंट्रोल रजिस्टरला रीसेट (सुरुवातीची ठरलेली किंमत देणारा सिग्नल) जोडायचाच राहिला. आमच्याकडे तीन आठवडे सगळ्या टेस्ट पास. क्लायंटने पूर्ण चिपच्या सिम्युलेशनमध्ये ब्लॉक बसवला तर जिकडेतिकडे लाल एक्स, म्हणजे किंमत अज्ञात. कारण व्हेरिलेटर मुळात 0 आणि 1 याच दोन अवस्थांत विचार करतो. सुरुवातीची किंमत न दिलेलं रजिस्टर त्याच्याकडे डीफॉल्टने 0 धरलं गेलं, आणि आमच्या नशिबाने (की दुर्दैवाने) 0 हीच हवी ती किंमत होती. दोष टूलचा नाही, डॉक्युमेंटेशनमध्ये हे लिहिलेलं आहे. आम्ही वाचलं नव्हतं. फोनवर क्लायंटला हे समजावताना मात्र घाम फुटला. आता रात्रीचं रिग्रेशन (सगळ्या टेस्ट पुन्हा चालवणं) सुरुवातीच्या रँडम किमतींनी, वेगवेगळ्या सीडवर चालतं. शिवाय रीसेटच्या टेस्ट इकारस व्हेरिलॉग या दुसऱ्या सिम्युलेटरवरही घेतो, तिथे एक्स दिसतो.

कोडचं लॉजिक गेट्समध्ये रूपांतर करणाऱ्या योसिसचा अनुभव मधला. सिस्टिमव्हेरिलॉगचा (व्हेरिलॉगची वाढीव आवृत्ती) थोडा वरचा प्रकार वापरला की अडतो. त्याचं साधं व्हेरिलॉग करणारं एसव्ही2व्ही मधे घालून मार्ग निघतो, पण मग एररमधला ओळ क्रमांक रूपांतरित फाइलचा असतो आणि मूळ ओळ शोधत बसावं लागतं. एरियाचा आणि टायमिंगचा लवकर अंदाज घ्यायला मात्र छान. टायमिंग तपासणाऱ्या ओपनएसटीएला आमच्या एसडीसी (टायमिंगच्या अटींच्या) फाइल्स जवळपास तशाच चालल्या, हे सुखद.

लेआउटपर्यंत, म्हणजे चिपच्या प्रत्यक्ष नकाशापर्यंत, जायची हौस ओपनलेन या टूल्सच्या साखळीवर भागवली, 2020 मध्ये गूगल आणि स्कायवॉटरने खुल्या केलेल्या 130 नॅनोमीटरच्या पीडीकेवर (फाउंड्रीच्या, म्हणजे चिप बनवणाऱ्या कारखान्याच्या, नियमांचा संच). आतलं ओपनरोड 2018 पासूनचं, डार्पा या अमेरिकी संरक्षण संशोधन संस्थेच्या पैशातून उभं राहिलेलं. एक छोटा ब्लॉक जीडीएसपर्यंत (कारखान्याला द्यायच्या लेआउट फाइलपर्यंत) नेला, केलेआउटमध्ये उघडला, ऑफिसभर दाखवला. धंद्यात मात्र ते इथेच थांबतं. क्लायंटच्या फाउंड्रीचा पीडीके एनडीएखाली (गोपनीयतेच्या कराराखाली), साइनऑफचे (अंतिम मंजुरीचे) नियम त्यांनी मान्य केलेल्या व्यापारी टूल्ससाठी. तिथे आपली हौस कोण विचारतो?

ओपनलेन बनवणारी इफेबलेस 2025 मध्ये बंद झाली तेव्हा धाकधूक होती. पण कोड राहिला, लिब्रेलेन नावाने पुढे चालू आहे. लायसन्स सर्व्हर बंद पडला की सगळेच हात बांधून बसतात, त्या मानाने हे बरं.

खर्चाचं म्हणाल तर फुकट नव्हतंच. टूल्सची व्हर्जन्स एकमेकांशी जुळवण्यात माझेच जवळपास दोन महिने गेले. शेवटी सगळं एका डॉकर इमेजमध्ये, म्हणजे एकाच तयार पॅकेजमध्ये, बांधलं आणि महिन्यातून एकदाच बदलायचं ठरवलं.

यंदा नूतनीकरणाच्या वेळी दोनाचं एकच लायसन्स करायचा विचार होता. रीसेटच्या प्रकरणानंतर दोन्ही ठेवली. तिसऱ्याचं कोटेशन मात्र अजून ड्रॉवरमध्येच आहे, आणि "रन संपलं का" हल्ली फक्त डिलिव्हरीच्या आठवड्यात ऐकू येतं.